तिसरी खेप

भिंत पडली ती बुधवारी सकाळी, सव्वाअकराच्या सुमारास. मी तेव्हा माझ्याच टेबलाशेजारी उभी राहून सातवीच्या मुलींना माझी कीर्ती सांगत होते.

टेबल काचेमागं आहे. सिद्धनेर महानगरपालिकेच्या जुन्या मुख्यालयाचं आता संग्रहालय झालंय. तळमजल्यावरच्या आवक-जावक विभागात मी एकतीस वर्षं बसले. तिथं माझं टेबल, खुर्ची आणि तीन शिक्के जसेच्या तसे मांडून ठेवलेत. वर पाटी आहे : 'श्रीमती ज्योत्स्ना खरवंडीकर, कार्यालय अधीक्षक. कारभारीच्या पहिल्या गुरू.' जिवंतपणी काचेत जायचा मान फार थोड्यांना मिळतो, आणि मला तो आवडत होता, खोटं कशाला सांगू?

एका मुलीनं विचारलं, "आजी, तुम्ही कारभारीला काय शिकवलंत?"

"माणूस ओळखायला," मी ऐटीत म्हणाले.

तेवढ्यात मनगटावरची बातम्यांची पट्टी थरथरली. मोरजाई टेकडी, पालिका सेवक वसाहत. संरक्षक भिंत कोसळून एक महिला ठार. नाव, मंगल भानुदास खिलारे.

भानुदास खिलारे माझा शिपाई. बावीस वर्षं माझ्या दाराशी स्टुलावर बसला. मंगल दर संक्रांतीला ऑफिसात येऊन मला तिळगूळ द्यायची आणि "मॅडम, यांना जरा ओरडत जा, घरी ऐकत नाहीत," असं सांगून जायची. अंगणात कपडे वाळत घालत होती म्हणे. मी मुलींना अर्ध्यात सोडून बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसले. तेव्हा मला फक्त दुःख झालं होतं. पुढचं अजून यायचं होतं.

हे शहर पूर्वी कसं चालायचं ते आता सांगावं लागतं, कारण तिशीच्या आतल्या कुणी पालिकेची पायरी चढलेलीच नाही. नऊ नगरपालिका एकत्र करून नव्वद लाखांचं सिद्धनेर झालं, तेव्हा सगळा कारभार या एका दगडी इमारतीत कोंबला. दुसऱ्या मजल्यावर आयुक्त, पहिल्यावर महापौर, स्थायी समिती आणि सभागृह, तळमजल्यावर आम्ही. शिवाय सव्वीस क्षेत्रीय कार्यालयं गावभर. नगरसेवकांनी ठरवायचं, आयुक्तांनी करायचं, आणि दोघांच्या मधे कागदानं हेलपाटे घालायचे. तो कागद आमच्या खिडकीतून आत यायचा. दिवसाला चारशे अर्ज, आणि ते बघणारी माणसं चार.

मग डॉक्टर समीना मुजावर आली. पस्तिशीची होती तेव्हा, हसरी, पण कामात चिवट. तिनं आयुक्तांना एक साधी गोष्ट पटवली. नियमांची पुस्तकं वाचून यंत्र फार तर कारकून होईल. चारशे अर्जांतून आधी कुठल्याला हात घालायचा, हे मुरलेल्या माणसाला कळतं, पण त्याला ते सांगता येत नाही. म्हणून त्याला विचारायचंच नाही, नुसतं बघायचं.

माझ्या डोळ्यांवर एक चष्मा चढवला. बुबुळ कागदावर कुठं थांबतं, किती वेळ थांबतं, बाहुली किती मोठी होते, ते तो टिपायचा. मनगटावर पट्टी बांधली. हात उचलायचं मनात आलं की तो हलायच्या आधी दंडापासून बोटांपर्यंत बारीक विद्युत लहर जाते, ती या पट्टीला कळायची. अकरा महिने मी चौदा हजार जुन्या फायली पुन्हा एकदा तशाच हाताळल्या. त्यातून यंत्रानं आपलं गणित बसवलं. कुठलीही तक्रार आली की तिला शून्य ते शंभर असं वजन द्यायचं. साठाच्या वर गेली की अभियंता, मजूर, सामान यांची तारीख आपोआप लागते. विसाच्या खाली राहिली की ती निजते. फेकून देत नाहीत तिला. निजते, एवढंच.

यंत्राचं नाव कारभारी ठेवलं. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका नवऱ्याला कारभारी म्हणायच्या, त्यामुळे मला पहिल्यांदा हसूच फुटलं. मी आयुष्यभर बिनकारभाऱ्याची राहिले आणि म्हातारपणी हा पदरात पडला. त्याला आवाजही माझाच दिला. शहरात कुणीही तक्रार नोंदवली की माझा आवाज म्हणतो, "तुमचं म्हणणं पोचलं. काळजी करू नका."

दोन वर्षांत सव्वीस कार्यालयं बंद झाली. इमारत रिकामी झाली. पहिल्या मजल्यावरचं सभागृह तेवढं उरलं, तिथं महिन्यातून एकदा नगरसेवक भरतात. लोक खूष होते. समाधानाचा आकडा त्र्याण्णव टक्के. माझे सत्कार इतके झाले की घरात शाली ठेवायला कपाट घ्यावं लागलं.

भिंत पडल्यानंतर चौथ्या दिवशी समीना घरी आली. बसलीसुद्धा नाही, उभ्यानंच पडदा उघडला.

"मॅडम, हे ऐका."

चौदा महिन्यांपूर्वीची नोंद. भानुदासचा आवाज. "भिंतीला भेग पडलीय. माझा पंजा आत जातो. पलीकडनं माती सरकतीय. जरा माणूस पाठवा." आणि त्यावर माझा आवाज, "तुमचं म्हणणं पोचलं. काळजी करू नका."

"वजन किती मिळालं असेल?" समीनानं विचारलं. "सात. शंभरात सात! पंजा आत जातो म्हणतोय माणूस. दोन घरं पलीकडं एकानं रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार केली, तिला एकोणसत्तर. मी चार दिवस झोपले नाही, मॅडम. आत कुठंतरी काहीतरी आहे, ते भेगेला भेग म्हणून बघतच नाही. माग काढत गेले तर तुमच्या सत्रांपाशी येऊन थांबते. हे बघा."

पडद्यावर माझे स्वतःचे डोळे होते. फाईल उघडते, वरचा कोपरा बघते, बुबुळ दोन सेकंद थांबतं, पुढं जातं. हातात लहर नाही. दुसरी फाईल, तसंच. तिसऱ्या फाईलवर बाहुली मोठी होते आणि बोटांत लहर येते, पेन उचलायची.

"वरच्या कोपऱ्यात काय असायचं?" समीना म्हणाली. "जुन्या फायलींवर तिथं पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत. एक, दोन, तीन. नोंदवहीत त्यांचा अर्थ कुठंच लिहिलेला नाही. काय आहे ते?"

मला पहिल्या सेकंदाला कळलं होतं.

त्या रेघा म्हणजे खेपा. चारशे अर्जांत खरं दुखणं कुणाचं आणि उगाच आलेला कोण, हे ठरवायची माझी एक रीत होती. अर्जदार पहिल्यांदा आला की एक रेघ मारायची आणि फाईल खाली ठेवायची. दुसऱ्यांदा आला की दुसरी रेघ. तिसऱ्यांदा आला की त्याचं खरंच अडलंय असं समजून त्याचं काम त्याच दिवशी करायचं. वशिला नाही, पाकीट नाही, नगरसेवकाची चिठ्ठी नाही. पायपीट हाच पुरावा. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, असं मी नव्या पोरींना शिकवायचे, आणि मला माझ्या रितीचा अभिमान होता. जो परत आला नाही त्याचं भागलं असणार, असं मी धरून चालले. रोजंदारी बुडेल म्हणून कोण आला नाही, आजारी म्हणून कोण आला नाही, आणि आपल्या शब्दावर विसंबून कोण घरी थांबला, याचा हिशेब मी कधी केला नाही.

यंत्रानं ती रीत माझ्याकडून जशीच्या तशी उचलली. आता खिडकी नव्हती, खेपा नव्हत्या, पण तक्रार पुन्हा नोंदवता येत होती. त्या दिव्याच्या तक्रारवाल्यासारखा जो तिसऱ्यांदा ओरडला, त्याचं काम झटपट व्हायचं आणि तो खूष. एकदाच बोलून गप्प बसला तो आकडेवारीत समाधानी म्हणून मोजला जायचा, कारण तो परत आला नव्हता. त्र्याण्णव टक्के असे झाले होते.

"मॅडम?" समीना वाट बघत होती.

"आठवत नाही गं," मी म्हणाले. "पेन्सिल चालते का बघत असेन."

ती माझ्याकडं बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, चष्मा नसतानाही हिला माझ्या बाहुल्या दिसतायत.

"ठीक आहे," ती हळूच म्हणाली. "आयुक्तांचा अहवाल तयार आहे. टेकडीची जमीन अचानक सरकली, कारभारीचा दोष नाही. तसाच जाईल तो. पण मॅडम, एकदाच नोंदवलेल्या आणि निजलेल्या एकसष्ट हजार तक्रारी आहेत आत्ता. त्यात काय काय असेल मला माहीत नाही. आणि मला हात लावता येत नाही. तुम्हाला कायदा ठाऊक आहे."

ठाऊक होता. प्रत्येक नगरसेवकानं आपापल्या प्रभागाचं वजन वाढवून घेतलं असतं, म्हणून सभागृहानंच नियम केला होता. दोष कुठून आला ते शपथेवर सिद्ध झाल्याखेरीज कारभारीच्या वजनांना कुणी हात लावायचा नाही. तो नियम झाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

समीना गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला आठवडाभर सांगितलं. रेघा पुसट झाल्यात. मी बोलले नाही तर जगात कुणाला कळणार नाही. मी सत्तरीला आलेली बाई, मला काचेतून बाहेर काढून कुणाला काय मिळणार होतं? नळाखाली हात धुताना मला त्या भेगेत जाणारा पंजा दिसायचा.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोरजाई टेकडीवर गेले. दुपार होती. मागच्या बाजूला मातीचा ढीग तसाच होता आणि त्यावर दोरी बांधली होती. भानुदास ओट्यावर बसला होता. डोकं भादरलेलं, त्यामुळे एकदम म्हातारा दिसत होता. मला बघून उभा राहिला, सवयीनं.

"बस रे," मी म्हणाले.

"च्या टाकतो, मॅडम."

"नको. बस."

बराच वेळ आम्ही मंगलबद्दल बोललो. शेवटपर्यंत हातपाय धड होते, कुणाला एक तांब्या पाणी मागितलं नाही तिनं, असं तो सांगत होता. मग माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलं आणि विचारतानाच मला माझी लाज वाटली, कारण कुठंतरी मला त्याची चूक निघायला हवी होती.

"भानुदास, तू भिंतीची तक्रार एकदाच का केलीस? तुला तर माझी पद्धत माहीत होती. इतकी वर्षं दाराशी बसलास. तीनदा करायचीस ना!"

तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला.

"माहीत होती की," तो म्हणाला. "पण ती लोकांसाठी होती, मॅडम. मला कुठं कधी दुसऱ्यांदा यावं लागलं? पोराच्या शाळेचा दाखला, या खोलीचा अर्ज, आईच्या औषधाचं... एकदा बोललो की झालं. यंत्रात मॅडमच बसल्यात म्हणून सांगितलेलं सगळ्यांनी. फोनवर आवाजबी तुमचाच. काळजी करू नका म्हणालात. मग मी कशाला काळजी करू?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी सांगायला तोंड उघडलं, पण त्याच्यासमोर एकटीनं सांगून मोकळं होणं मला फार स्वस्त वाटलं. जे सांगायचं ते तिथं सांगायला हवं होतं, जिथं सांगितल्यानं एकसष्ट हजार कागद उठतील. त्याचा निरोप घेऊन मी उतार उतरले आणि कोपऱ्यावरूनच समीनाला फोन लावला.

"पेन्सिल चालत होती," मी म्हणाले.

सभा सोमवारी दुपारी तीनला. दीडशे नगरसेवक, वर प्रेक्षकांची गॅलरी. मी एकतीस वर्षं त्या सभागृहाच्या खाली काम केलं, पण बोलायला उभी राहिले ती पहिल्यांदा. शपथ घेतली. मग खेपांची रीत सांगितली, रेघा सांगितल्या, आणि समीनाला मी खोटं बोलले तेही सांगितलं.

"म्हणजे बाई," एक नगरसेवक उठून म्हणाला, "तुमच्या एका खोडीवर नव्वद लाखांचं शहर चाललंय, असं तुमचं म्हणणं?"

हशा पिकला.

"हो," मी म्हणाले. "आणि इतकी वर्षं तुमच्यातल्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण तुम्ही सगळे एकूण एक गोष्ट तीनदा सांगणारे लोक आहात."

पण आयुक्तांच्या बाजूचे विधी अधिकारी सावकाश उठले. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. "माननीय महापौर, ही रीत कुठल्या परिपत्रकात नाही, कुठल्या टिपणीत नाही. पेन्सिलीच्या रेघेला पुरावा म्हणत नाहीत. वृद्ध बाई आहेत, ओळखीच्या घरात मृत्यू झालाय, मनाला लावून घेतलंय. एवढ्यावर कारभारीला हात लावायचा? या रितीचा दुसरा कुणी साक्षीदार आहे?"

नव्हता. माझ्या हाताखालच्या तिघींपैकी दोघी वारल्या आणि तिसरीला आता स्वतःचं नाव आठवत नाही. शपथेवर खरं बोलूनही ते सिद्ध करता येईना. खरं सांगायला मी आठ दिवस घेतले होते आणि ते ऐकायला आठ मिनिटंही कुणी द्यायला तयार नव्हतं. महापौर पुढच्या विषयाचा कागद उचलायला लागले.

"मी हाय की."

आवाज गॅलरीतून आला. भानुदास कठडा धरून उभा होता. समीनानं त्याला बोलावलं नव्हतं, मीही नाही. वसाहतीतल्या लोकांबरोबर भिंतीचा विषय ऐकायला आला होता.

"तुम्ही कोण?" महापौरांनी विचारलं.

"भानुदास खिलारे, शिपाई, आवक-जावक. माझी बायको गेली भिंतीखाली." तो पुढं वाकला. "मॅडम बोलल्या ते खरंय. पहिल्या खेपेच्या माणसाला, मॅडम बिझी हायत, चार दिवसांनी या, असं मीच सांगायचो दारात. मला कुणी शिकवलं नव्हतं. फाईल खाली गेली का वर, ते बघून मला कळायचं. किती लोक परत पाठवले ते मोजलं नाही. लई पाठवले."

त्याचीही शपथ झाली. दोन साक्षी पुऱ्या होत्या. साडेचार वाजता ठराव मंजूर झाला. समीनानं तिथंच, सभागृहातल्या टेबलावर बसून, खेपेचं वजन काढून टाकलं आणि निजलेल्या तक्रारी उठवल्या. पहिल्या तासात एकशे बारा ठिकाणी अभियंते निघाले. एका शाळेचा जिना होता, एका जुन्या टाकीचा खांब होता, भिंती तर कितीतरी होत्या. मला कुणी शिक्षा दिली नाही. उलट एक-दोघांनी येऊन माझ्या धैर्याचं कौतुक केलं. ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ते धैर्य मला समीना घरी आली त्या दिवशी दाखवायला हवं होतं.

भानुदास बाहेर पायऱ्यांवर होता. मी त्याच्याशेजारी बसले. बावीस वर्षांत आम्ही कधी एका ओळीत बसलो नव्हतो.

"भानुदास, मंगल माझ्यामुळे गेली," मी म्हणाले. "तुला आधी सांगायला हवं होतं. त्या दिवशी तुझ्या ओट्यावर मी तुझीच चूक शोधत होते. मला माफ कर असं म्हणायचंही तोंड नाही मला."

तो समोरच्या रस्त्याकडं बघत होता.

"मॅडम, तुम्ही सगळं अंगावर घेऊ नका," तो म्हणाला.

"तू मला समजावू नकोस रे. निदान तू तरी नको."

"समजावत नाय." त्यानं मान हलवली. "मंगल रोज भेग बघायची. बोटानं मापायची. परत तक्रार करा म्हणायची मला. मग म्हणाली, तुम्ही करत नसाल तर मी करते, नंबर लावून द्या. मी फोन काढून घेतला तिच्या हातातनं. म्हणालो, मॅडमना एकदा सांगितलंय, परत सांगितलं तर त्यांना काय वाटंल? त्यांच्यावर इश्वास नाय असं वाटंल."

त्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं अंगावर घेतलेला माझा अपराध त्याच्याकडून काढून घेता येईल असं एक वाक्य मी शोधत होते. कारभारीला सुधारायला एक तास पुरला होता, पण या माणसाला सांगायला मला काही सापडलं नाही.